वजन बरेच जास्त असताना घरच्या घरी तीव्र व्यायाम कसा सुरू करावा

मोबाइलवर दिसणाऱ्या पंधरा मिनिटांच्या तीव्र व्यायामात बहुधा एखादी सडपातळ तरुण व्यक्ती उड्या मारते, जमिनीवर पालथी पडते, झटक्यात उठते आणि पुन्हा उडी मारते. शंभर-सव्वाशे किलो वजनाच्या माणसाने तेच जसेच्या तसे करायला घेतले, तर पुष्कळदा पहिल्याच आठवड्यात गुडघा, घोटा किंवा कंबर धरते, आणि आपल्या शरीराला हे झेपणारच नाही असा समज होऊन व्यायाम कायमचा सुटतो. हा समज खरा नाही. वजन बरेच जास्त असणाऱ्यालाही तीव्र व्यायाम करता येतो आणि त्याचा लाभ त्याला चांगलाच होतो. मात्र तीव्रता धापेवरून ठरवावी लागते आणि उड्या पूर्णपणे वगळाव्या लागतात.

या पद्धतीचे मूळ तत्त्व सोपे आहे. थोडा वेळ जोराने श्रम करायचे, मग थोडा वेळ हलकी हालचाल करत दम खाऊ द्यायचा, आणि हे आवर्तन काही वेळा करायचे. वीस सेकंद श्रम, दहा सेकंद विश्रांती आणि अशी आठ आवर्तने हा जो प्रकार सगळीकडे सांगितला जातो, तो जपानमधील इझुमी ताबाता आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनामुळे लोकप्रिय झाला. त्या प्रयोगात भाग घेणारे व्यायामाची सवय असलेले तरुण होते आणि ते जागच्या जागी बसवलेली सायकल चालवत होते, म्हणजे मूळ प्रयोगात उडी कुठेच नव्हती, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. दहा सेकंदांची विश्रांती नवशिक्याला पुरत नाही, विशेषतः प्रत्येक हालचालीत जास्त भार उचलावा लागणाऱ्या नवशिक्याला तर नाहीच. नाशिकच्या सिडकोतल्या एखाद्या इमारतीचे दोन जिने सपाट्याने चढताना ज्याला बोलता येत नाही, त्याच्यासाठी ते दोन जिने हाच तीव्र व्यायाम आहे.

आधी तपासणी

चालण्यासारखा साधा व्यायाम बहुतेकांना आपल्या मनाने सुरू करता येतो, पण धाप लागेल असा व्यायाम सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांना भेटणे आवश्यक आहे. भारतीयांसाठी बीएमआय (किलोतील वजन भागिले मीटरमधील उंचीचा वर्ग) २३ च्या पुढे जास्त वजन आणि २५ च्या पुढे लठ्ठपणा मानला जातो, कारण आपल्याकडे पोटावर चरबी साठण्याची आणि तुलनेने कमी वजनातही मधुमेह जडण्याची प्रवृत्ती अधिक आहे. पुरुषांमध्ये ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांमध्ये ८० सेंटिमीटर ही कमरेच्या घेराची धोक्याची रेषा समजली जाते. वजन बरेच जास्त असेल, तर रक्तदाब आणि साखर कधीच तपासलेली नाही या स्थितीत व्यायाम सुरू करू नये. आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे किंवा जिल्हा शासकीय रुग्णालयात रक्तदाब, उपाशीपोटीची साखर आणि डॉक्टरांना गरज वाटल्यास ईसीजी करून घ्यावा. डॉक्टरांना "व्यायाम करू का?" असे मोघम विचारले, तर उत्तरही "करा की" असे मोघमच मिळते. त्याऐवजी "वीस-तीस सेकंद जोराने श्रम करून धाप लागेल, असा व्यायाम मला चालेल का?" असे स्पष्ट विचारावे, आणि सुरू असलेल्या सगळ्या गोळ्यांची चिठ्ठी समोर ठेवावी.

गोळ्यांची माहिती का द्यायची, याला ठोस कारणे आहेत. मेटोप्रोलॉल किंवा अ‍ॅटेनोलॉल यांसारखी रक्तदाबाची औषधे नाडीचा वेग वाढू देत नाहीत, त्यामुळे घड्याळावर दिसणाऱ्या ठोक्यांवरून श्रमाचा अंदाज बांधणे फसवे ठरते. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल, तर जोराच्या श्रमानंतर साखर एकाएकी उतरू शकते, आणि कधी कधी ती काही तासांनीही उतरते. श्रावणी सोमवारचा कडक उपास, त्यात सकाळची गोळी घेतलेली आणि वर असा व्यायाम, ही तिन्ही मधुमेह्याने एका दिवशी कधीही एकत्र आणू नयेत. मधुमेहामुळे डोळ्यांच्या पडद्यावर परिणाम झाला असेल, पायांना बधिरपणा असेल, हर्निया असेल, गरोदरपण असेल किंवा झोपेत घोरताना श्वास अडकत असेल, तर तेही आधीच सांगावे. विश्रांतीच्या अवस्थेत रक्तदाब १८०/११० च्या आसपास किंवा त्याहून अधिक राहत असेल, तर प्रथम तो आटोक्यात आणावा, व्यायाम त्यानंतर.

पहिले तीन-चार आठवडे फक्त चालणे

तीव्र व्यायामाची तयारी चालण्याने करावी. घरातल्या घरात, गच्चीवर, इंदिरानगरच्या जॉगिंग ट्रॅकवर किंवा हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानाच्या ट्रॅकवर, जिथे संकोच वाटणार नाही तिथे चालावे. सुरुवातीला दहा मिनिटे पुरेशी आहेत. न थांबता वीस-पंचवीस मिनिटे चालता येऊ लागले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघे कुरकुरत नसले, की पुढच्या टप्प्याकडे जावे. त्याला एखाद्याला सहा आठवडे लागले तरी बिघडत नाही, कारण स्नायू आणि दम लवकर तयार होतात, पण सांध्यांभोवतालचे बंध आणि पायांचे तळवे सावकाश तयार होतात.

या काळात कोणी ना कोणी "रोज पांडवलेणी चढून या, महिन्यात वजन उतरेल" असा सल्ला देतोच. सल्ला देणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण चढण्यापेक्षा उतरताना गुडघ्यांवर अधिक ताण येतो, आणि अर्ध्या वाटेत गुडघा दुखला तरी उरलेल्या पायऱ्या उतराव्याच लागतात. पहिल्या तीन महिन्यांत हा बेत दूर ठेवलेला बरा.

जागा, खुर्ची, कपडे

दोन पावले पुढे-मागे आणि दोन पावले बाजूला टाकता येतील एवढी मोकळी जागा पुरते. आजकालच्या घरांतील गुळगुळीत टाइल्सवर घामाचे थेंब पडले की पाय सटकतो, आणि सतरंजी तर पायाखालून सरकतेच. म्हणून घट्ट बसणारे, जाड तळव्याचे बूट घालावेत आणि जवळ एक फडके ठेवावे. अनवाणी हा व्यायाम करू नये. ज्यांना घरात बूट घालणे पटत नाही, त्यांनी घरापुरता वेगळा जोड ठेवावा.

वजन जास्त असणाऱ्यांना व्यायाम सोडायला लावणाऱ्या कारणांत मांड्या, काखा आणि पोटाच्या वळ्या घासून होणारी आग हे मोठे कारण आहे, आणि त्याविषयी कोणी बोलत नाही. सैल कपड्यांऐवजी मांडीला लागून बसणारी गुडघ्यापर्यंतची पँट घालावी, घासणाऱ्या जागी व्यायामापूर्वी पेट्रोलियम जेलीचा पातळ थर लावावा आणि नंतर अंग धुऊन कोरडे करावे. स्त्रियांनी छातीला नीट आधार देणारी स्पोर्ट्स ब्रा वापरावी. साडी किंवा गाऊनमध्ये पाय अडकण्याची भीती असते.

एप्रिल-मे महिन्यांत नाशिकचा दुपारचा पारा चाळिशीच्या घरात जातो, आणि वरच्या मजल्यावरची खोली तर संध्याकाळीही तापलेली असते. त्या दिवसांत सकाळी लवकर, खिडक्या उघडून आणि पंखा लावून व्यायाम करावा. शरीरावर चरबीचे प्रमाण अधिक असले की आतली उष्णता बाहेर पडायला वेळ लागतो. याउलट डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे नाशिकची थंडी चांगलीच झोंबते, तेव्हा शरीर तापवायला नेहमीपेक्षा पाच मिनिटे अधिक द्यावीत. जेवणानंतर किमान दोन तास जाऊ द्यावेत. पहिला महिनाभर घरात दुसरे कोणीतरी असतानाच व्यायाम करावा.

श्रम मोजण्याची रीत

शून्य ते दहा अशी एक पट्टी मनात धरावी. खुर्चीत स्वस्थ बसणे म्हणजे शून्य आणि एक पाऊलही आणखी टाकता येणार नाही अशी अवस्था म्हणजे दहा. श्रमाच्या टप्प्यात सुरुवातीला सहापर्यंत आणि दीड-दोन महिन्यांनी सात-आठपर्यंत जावे. नऊ-दहाच्या वाटेला जाऊ नये. सहाला तुटक वाक्य बोलता येते. आठला दोन-तीन शब्दांपलीकडे जमत नाही. विश्रांतीच्या टप्प्याअखेर पूर्ण वाक्य सलग बोलता आलेच पाहिजे, आणि येत नसेल तर टायमर काहीही सांगो, आणखी थांबावे. २२० मधून वय वजा करून नाडीची कमाल मर्यादा काढण्याची रीत सर्वांना ठाऊक आहे, पण ती सरासरीवर आधारलेली असल्याने एखाद्या व्यक्तीच्या बाबतीत दहा-वीस ठोक्यांनी सहज चुकते. बोलण्याची कसोटी अधिक भरवशाची आहे.

हालचाली

माझ्या मते सुरुवातीला चारच हालचाली पुरेत, आणि त्यांतली पहिली, खुर्चीवरून उठणे-बसणे, इतकी उपयुक्त आहे की ती नीट शिकण्यात एक पूर्ण आठवडा गेला तरी तो सार्थकी लागला असे समजावे. खुर्ची लाकडी किंवा लोखंडी, भक्कम, चाके नसलेली असावी आणि तिची पाठ भिंतीला टेकलेली असावी. प्लॅस्टिकच्या खुर्चीचे पाय टाइल्सवर फाकतात, म्हणून ती वापरू नये. बसल्यावर मांड्या जमिनीला समांतर किंवा गुडघ्याच्या बाजूला किंचित उतरत्या असाव्यात; खुर्ची बुटकी असेल तर बैठकीवर घट्ट घडी घातलेली सतरंजी ठेवावी. खुर्चीच्या पुढच्या कडेला सरकून बसावे. पाय खांद्यांपेक्षा थोडे जास्त रुंद ठेवावेत, म्हणजे पुढे वाकताना पोटाला मांड्यांच्या मधे जागा मिळते, आणि चवडे किंचित बाहेर वळवावेत. टाचा गुडघ्यांच्या थोड्या मागे असाव्यात. आता पाठ सरळ ठेवून कमरेतून इतके पुढे झुकावे की नाक पायाच्या बोटांच्या रेषेत येईल, टाचांनी जमीन दाबावी आणि श्वास सोडत उभे राहावे. उठताना गुडघे एकमेकांकडे ओढले जातात का, ते समोर आरसा ठेवून किंवा घरातल्या कोणाला पाहायला सांगून तपासावे. तसे होत असेल तर गुडघे जाणीवपूर्वक पायाच्या दुसऱ्या बोटाच्या दिशेने ठेवावेत. बसताना मनात तीन अंक मोजत सावकाश यावे. धपकन बसल्याने कण्याला हिसका बसतो आणि मांडीच्या स्नायूंचा निम्मा व्यायाम वाया जातो. हातांच्या आधाराशिवाय उठता येत नसेल, तर हात असलेली खुर्ची घ्यावी आणि दर आठवड्याला हातांवरचा भार थोडा थोडा कमी करावा.

दुसरी हालचाल म्हणजे स्वयंपाकाच्या ओट्याला हात टेकून मारायचे जोर. जमिनीवरच्या जोरात मनगटांवर फार भार येतो, आणि वजन जास्त असताना जमिनीवर उतरणे व परत उठणे हाच एक स्वतंत्र खटाटोप होऊन बसतो. ओट्याच्या कडेवर खांद्यांच्या रुंदीने तळवे ठेवून दोन पावले मागे सरकावे, टाचेपासून डोक्यापर्यंत शरीर एका रेषेत ठेवावे, कोपरे वाकवून छाती ओट्याकडे न्यावी आणि श्वास सोडत परत यावे. ओटा कोरडा असावा आणि गॅस बंद असावा. हेही जड वाटले तर भिंतीपासून सुरुवात करावी.

तिसरी हालचाल जागच्या जागी कवायतीसारखे चालण्याची. गुडघे झेपतील तेवढे वर आणि हात समोर आळीपाळीने बुक्की मारल्यासारखे. हातांचा वेग वाढवला की पायांना दणका न बसता धाप वाढते, म्हणून गुडघे दुखणाऱ्यांसाठी ही हालचाल मोठाच आधार आहे. फार गुडघेदुखी असेल, तर खुर्चीत बसूनही हेच करता येते. चौथी हालचाल बाजूला मोठे पाऊल टाकून दुसरा पाय जवळ घेण्याची, हात डोक्यावर नेत. जंपिंग जॅकमधली उडी काढून टाकली की हेच उरते.

बर्पी (जमिनीवर पालथे पडून झटक्यात उठून उडी मारणे), उडी मारून केलेले स्क्वॉट (उठाबशा), जमिनीवरून वेगाने उठणे आणि श्वास रोखून बराच वेळ धरलेला प्लँक (कोपरांवर आणि चवड्यांवर शरीर सरळ तोलणे) या गोष्टी वगळाव्यात. श्वास रोखून जोर लावला की रक्तदाब काही क्षण झपाट्याने चढतो. टाकळीच्या मठामुळे समर्थांची आणि सूर्यनमस्कारांची परंपरा नाशिककरांच्या जवळची आहे, आणि ते सुंदर व्यायाम आहेतच. परंतु त्यांतील डोके खाली जाणाऱ्या आणि मनगटांवर भार येणाऱ्या स्थिती, विशेषतः रक्तदाब किंवा डोळ्यांचा विकार असणाऱ्यांनी, वेगाने करू नयेत. हात खुर्चीच्या बैठकीवर टेकून, सावकाश केलेले नमस्कार वेगळ्या दिवशी ठेवावेत.

प्रत्यक्ष सत्र

सुरुवातीची सहा ते आठ मिनिटे घरात सावकाश चालणे, खांदे फिरवणे, घोटे फिरवणे आणि चार-पाच वेळा खुर्चीतून उठणे यांसाठी द्यावीत. शरीर थोडे गरम झाल्यावर मुख्य भाग सुरू करावा. पहिले दोन आठवडे वीस सेकंद श्रम आणि सत्तर सेकंद विश्रांती, अशी सहा आवर्तने करावीत. ती नऊ मिनिटांत संपतात. पहिले आवर्तन उठणे-बसण्याचे, दुसरे कवायतीच्या चालण्याचे, तिसरे ओट्यावरच्या जोरांचे, चौथे बाजूच्या पावलांचे, आणि मग पुन्हा पहिली दोन. विश्रांतीत खुर्चीत बसकण मारू नये किंवा स्तब्ध उभे राहू नये, कारण पायांत उतरलेले रक्त तिथेच साठून चक्कर येण्याची शक्यता असते. सावकाश फेऱ्या माराव्यात. शेवटी पाच मिनिटे चालण्याचा वेग हळूहळू कमी करत आणावा.

सुरुवातीला असे सत्र आठवड्यातून दोनदाच करावे आणि दोन सत्रांमध्ये किमान दोन दिवस जाऊ द्यावेत. मधल्या दिवशी चालावे. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात आवर्तने सहावरून आठ करावीत. पाचव्या आठवड्यापासून श्रम तीस आणि विश्रांती साठ सेकंद ठेवता येईल, आणि दुसरा महिना संपल्यावर, सारे सुरळीत असेल तर, विश्रांती पंचेचाळीसवर आणता येईल, दहा आवर्तने करता येतील किंवा आठवड्यातले तिसरे सत्र जोडता येईल. यांतील एका वेळी एकच गोष्ट वाढवावी. आजारपण, लग्नसराई किंवा प्रवासामुळे दहा-पंधरा दिवसांचा खंड पडला, तर जिथे सोडले तिथून न उचलता एक टप्पा मागे यावे.

दुखणे कोणते आणि धोका कोणता

मांड्या, दंड आणि छातीचे स्नायू एक ते तीन दिवस ठणकणे स्वाभाविक आहे, आणि जिना उतरताना ते अधिक जाणवते. सांध्यात, एका ठरावीक जागी होणारे टोचरे दुखणे वेगळे. ते दुसऱ्या दिवशी सकाळीही असेल, तर ती हालचाल आठवडाभर बंद ठेवावी. गुडघ्याला सूज आली किंवा गुडघा अडकल्यासारखा झाला, तर फिजिओथेरपिस्टला दाखवावे. छातीत दडपण, डाव्या हातात, जबड्यात किंवा पाठीत पसरणारी कळ, अकारण थंड घाम, डोळ्यांपुढे अंधारी किंवा काही मिनिटे थांबूनही न शमणारी धाप, यांपैकी काहीही झाले तर त्या क्षणी थांबून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. "गॅस झाला असेल" म्हणून वाट पाहण्यात मोलाचा वेळ जातो. मधुमेह्याला थरथर, घाम आणि गोंधळल्यासारखे झाले तर लगेच साखर किंवा ग्लुकोज द्यावे, म्हणून त्याची वाटी हाताशीच असावी. व्यायामानंतर एक-दोन दिवसांत स्नायू कमालीचे सुजले आणि लघवी काळ्या चहासारखी झाली, तर तो मूत्रपिंडांना धोका पोचवणारा प्रकार असू शकतो. त्याच दिवशी रुग्णालयात जावे.

वजनाकडून किती अपेक्षा ठेवावी

या व्यायामाने दोन महिन्यांत वीस किलो वजन उतरते अशा जाहिरातींवर विश्वास ठेवू नये. जड शरीराच्या माणसाच्या सत्रातल्या बारा मिनिटांच्या मुख्य भागात साधारण शंभर-दीडशे कॅलरी खर्च होतात, आणि रविवारच्या मिसळीबरोबर घेतलेल्या जादा फरसाणाने आणि पावाच्या दुसऱ्या जोडीने त्या सहज भरून निघतात. मिसळ सोडावी असे मी म्हणणार नाही. मोड आलेली मटकी उत्तमच असते. तर्री आणि फरसाण कमी घ्यावे, दुसरी पावजोडी मागवू नये. वजन मुख्यतः ताटावरून उतरते. व्यायामाचे फळ इतर ठिकाणी दिसते: दम वाढतो, शरीर इन्सुलिनचा वापर अधिक चांगला करू लागते, रक्तदाब थोडा उतरतो, आणि हे सारे काटा तसूभर न हलताही घडू शकते. वजन थोडे उतरलेच तर त्याचा परिणामही कमी लेखू नये, कारण गुडघ्यांची झीज झालेल्या जाड व्यक्तींच्या अभ्यासात एक किलो वजन कमी झाले की प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी कमी होतो असे आढळले आहे.

म्हणून काट्यावर रोज उभे राहण्यापेक्षा एक साधी वही ठेवावी. दर रविवारी सकाळी उठल्याबरोबर नाडीचे ठोके, पंधरवड्याने बेंबीच्या रेषेत कमरेचा घेर, महिन्याने तीस सेकंदांत खुर्चीवरून किती वेळा उठता आले तो आकडा, आणि घरी यंत्र असेल तर रक्तदाब व साखर, एवढे लिहिले तरी पुरे. घरच्या माणसांनी येता-जाता "कमी झालं का काही?" असे विचारण्याऐवजी घड्याळ धरून सेकंद मोजावेत, फार तर सोबत एखादे आवर्तन करावे. अतिशय जाड माणसाला आयुष्यभर टोमणे पुरेसे मिळालेले असतात.

बारा आठवडे झाल्यावर ती वही घेऊन पुन्हा डॉक्टरांकडे जावे. रक्तदाब किंवा साखर उतरली असेल, तर पूर्वीचा गोळ्यांचा डोस आता जास्त होत असेल आणि उठताना चक्कर येणे किंवा साखर वारंवार कमी होणे ही त्याची चिन्हे असू शकतात. डोस कमी करायचा की तसाच ठेवायचा, हे नोंदी पाहून डॉक्टरांनीच ठरवावे. बरे वाटते म्हणून गोळी आपल्या मनाने बंद करू नये, आणि पुढच्या तीन महिन्यांची आवर्तने त्याच भेटीत त्यांना दाखवून घ्यावीत.